अर्पणाची मरळ हौदात आहे

देवगाव फाटा, ता. सेलू
रविवार, उपासनेहून आल्यावर

आदरणीय भगवानराव दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे लिंबाजीचा, प्रभूमध्ये सलाम. आमच्या बायनाआक्कालाही सलाम सांगावा. तुमचे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र तुम्ही लावता की ते अजून कपाटातच आहे? (यंत्र लावत असता तर हे सगळं फोनवरच बोललो असतो. मागच्या वेळी मी अर्धा घंटा बोललो आणि शेवटी तुम्ही म्हणालात, हो, मूग चांगले झाले. मी मुगाचं नावही काढलं नव्हतं.) आक्काची साखर कशी आहे? झरीला पाऊस कसा आहे? विहिरीला पाणी किती आहे? विहिरीचं सहज विचारलं, मनात काही धरू नका.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक आहे की नाही तेच मला कळेनासं झालं आहे. आमची घरधनीण मालनबाई बरी आहे. लय बरी आहे. आत्ता हौदाकाठी बसून मला बोल लावते आहे, त्यावरून तुम्हाला अंदाज येईल. पण ती अशीच बरी राहील का, हा प्रश्न एका मरळीवर येऊन अडकला आहे, आणि ती मरळ आमच्या धुण्याच्या हौदात आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तीही दोनदा. तुम्ही मास्तर होता, मंडळीत पंच होता, आणि माझ्या हातात गळ दिलात तोही तुम्हीच. म्हणून निकाल तुम्हीच द्यायचा आहे. सगळं क्रमाने सांगतो.

उन्हाळ्यात मालनबाईच्या छातीत कफ भरून तिला परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तुम्ही दोघं भेटायला आला होता. आक्काने शहाळं आणलं होतं, ते मीच प्यालो, कारण मालनबाईला नळ्या लावल्या होत्या. तुम्ही गेल्यावर डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत आत गेले. बोलणाऱ्या डॉक्टरची मला भीती वाटत नाही. मी बाहेर आवारात लिंबाखाली बसलो, टोपी काढली आणि म्हणालो, प्रभू, ही उठली तर पावसाळ्यात माझ्या गळाला जी पहिली मरळ लागेल ती तुझी. (याला नवस म्हणू नका. आमचे नवे पाळकसाहेब शांतवन खरात यांना तो शब्द चालत नाही. माझ्या तोंडून एकदा निघाला तर त्यांनी मला दारातच उभं करून नवस आणि अर्पणाचं वचन यांतला फरक समजावला. तो फरक आता माझ्या ध्यानात नाही, पण फरक आहे एवढं नक्की.) देवाला मासा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, जमीन पोराच्या, म्हणजे पप्पूच्या, नावावर केली, बैल गेले, कोंबड्या मालनबाईच्या. ज्याला माझं म्हणावं असं माझ्याजवळ गळ तेवढा आहे. शिवाय प्रभूचे पहिले शिष्य मासे धरणारेच होते, तेव्हा मरळ काय चीज आहे ते वर नक्की कळत असणार, असा मी विचार केला.

ती उठली. घरी आली, चार दिवसांत सविताला (सून म्हणून तिचं काही चुकत नाही, पण मालनबाईला चुका सापडतात) डाळीत मीठ जास्त झाल्याचं सांगू लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताकदीसाठी हिला माशाचा रस्सा द्या. आता इथूनच माझा घोळ सुरू झाला. पहिली मरळ देवाची, मग ती लागेपर्यंत घरात दुसरा मासा शिजवावा का? सेलूच्या बाजारातून आणता आला असता. वचनात बाजाराचा काही उल्लेख नव्हता. पण वचन देताना मी घाईत होतो, काय काय धरलं होतं आणि काय सोडलं होतं ते मला नीट आठवेना, म्हणून आणला नाही. मालनबाई वरण पीत राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मग पाऊस झाला, दुधनेला पाणी आलं आणि मी पप्पूच्या गाडीवर मागे बसून धरणाच्या फुगवट्याच्या कडेला गेलो. तुमचे तीन नियम मी कधी मोडले नाहीत, दाजी. गळ टाकण्याआधी टोपी काढून कालवणापुरतंच मागायचं, पिलं राखणारी मासळी लागली तर परत सोडायची, आणि रविवारी नदीवर जायचं नाही. तुम्ही म्हणायचा, जीव घ्यायचाच असेल तर तो ज्याचा आहे त्याला विचारून घ्यावा. गावातली माणसं कुत्री घेऊन सशाच्या शिकारीला निघायची, आपल्यालाही हाका मारायची, तेव्हा तुम्ही जायचा नाही आणि मलाही जाऊ द्यायचा नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणालात की खाण्यासाठी धरणं वेगळं आणि पळवून पळवून मारण्यात मजा घेणं वेगळं, आणि कुत्रं टोपी काढत नाही. ते मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं, पण पटलं होतं.

तर मी टोपी काढली, मागणं मागितलं, गांडूळ लावलं आणि बेशरमीच्या झुडपांजवळ गळ टाकला. टोपी परत डोक्यावर जाते न जाते तोच ओढ लागली. बाहेर काढली तर कोपरापासून बोटांपर्यंत लांब मरळ. मी प्रभूचे आभार मानले, ती पाण्याने भरलेल्या बादलीत टाकली आणि मग पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर लाल पिलांचा पुंजका आला होता. मरळीची पिलं लाल असतात, घोळक्याने वर येतात, आणि खाली त्यांना राखणारी एक मोठी फिरत असते, हे मला तुम्हीच दाखवलं होतं. राखणारी माझ्या बादलीत होती. (आई होती की बाप, ते मरळीत मला ओळखता येत नाही. बादलीवर वाकून पाहिलं, तिनेही माझ्याकडे पाहिलं.) आता नियमाप्रमाणे ती सोडायची. पण वचनाप्रमाणे ती गळाला लागली त्याच घडीला देवाची झाली, मग देवाची वस्तू परस्पर पाण्यात टाकणारा मी कोण? ठेवली तर नियम मोडला, आणि नियमही देवाच्याच नावाने केलेला. सोडली तर वचन मोडलं, आणि वचनावर मालनबाई उठून बसलेली. मी टोपी काढली, घातली, परत काढली. काही उजेड पडला नाही. तेवढ्यात पप्पू गाडीवरून ओरडला, "आबा, आभाळ फाटायलंय, टोपी घालून तरी भिजा." मी बादली घेऊन गाडीवर बसलो. निर्णय मी घेतला असं म्हणता येणार नाही.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण मूग निघाल्यावर असतो. तो दोनच दिवसांवर होता, तोवर मरळ बादलीतच ठेवली. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं, पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना करायची, आणि मग बाहेर आवारात त्या वस्तूंची बोली लागते. येणारा पैसा मंडळीच्या कामाला. मी मरळ जिवंतच नेली. मेलेली वस्तू देवापुढे ठेवावी असं मला वाटेना. बादलीवर जेवणाचं ताट झाकलं आणि ती एका मुगाच्या राशीजवळ, पाय बांधलेल्या एका तांबड्या कोंबडीच्या शेजारी ठेवली. पाळकसाहेब प्रार्थनेत जमिनीवरचे जीव संपवून पाण्यातल्या जिवांपर्यंत आले आणि मरळीने ताटासकट उडी मारली. ताट फरशीवर फिरत राहिलं, मरळ मुगात, कोंबडी आडवी पडून ओरडते आहे, बायकांच्या बाजूला सगळ्या उभ्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण पाय मात्र वर घेतले. (उभ्या माणसाने दोन्ही पाय वर कसे घेतले ते मला विचारू नका, पाहिलं ते लिहितो.) मी मुगात दोन्ही हात घालून तिला धरली, बादलीत सोडली आणि उरलेली प्रार्थना बादलीवर आडवा पडून ऐकली. आमेनही तिथूनच म्हणालो. आता ती प्रार्थना तिला पुरी लागली की अर्धी, तोही एक प्रश्न आहे. तो तुम्ही वेगळा धरा.

मग बोली. बोली पुकारायला सूर्यभान, ज्याचा फाट्यावर धाबा आहे. त्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हिला तवा दाखवला की माणसं जालन्याहून येतील." मालनबाईच्या जिवासाठी दिलेली मरळ, तिच्यासोबत कांदा-लिंबू घेऊन लोक बसणार. मी पप्पूला बोली लावायला सांगितली. लगेच सूर्यभान म्हणाला, बायांकडून वाढ. आमच्याकडे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये मंडपाचा पडदा, त्यामुळे वाढवणारी कोण ते दिसेना. पप्पूने वाढवली. परत बायांकडून वाढ. असं चाललं. सूर्यभानने स्वतःची बोली केव्हाच सोडून दिली होती, पण तो लय खुशीत होता, ते मला तेव्हा विचित्र वाटलं. पलीकडे कोण एवढी हट्टी बाई आहे म्हणून माझा राग वाढत गेला, आणि शेवटी पप्पूने माझा हात धरून खाली बसवलं. मरळ त्या बाईकडे गेली. मी तोंड पाडून बाहेर आलो तर दारात मालनबाई कमरेवर बादली घेऊन उभी, मागे सविता त्या तांबड्या कोंबडीला उलटं धरून. (बोलीच्या जोशात कोंबडीही घेतली होती.) घरातला पैशाचा डबा एकच, दाजी. आम्ही दोघांनी एकाच डब्याशी भांडण केलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझ्या जिवासाठी बोललेली मरळ धाब्यावर जाऊ देऊ काय? तुमाला तर काही सुचंना."

म्हणजे मरळ देवाला दिली, आणि देवाकडून परत घेतली. आता ती कुणाची? मालनबाईचं म्हणणं सरळ होतं. "आता इकत घेतली, आता आपली हाय. सकाळी कापते." रात्रीपुरती हौदात सोडली. सकाळी ती विळी आणि राख घेऊन बसली, हौदात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. (रस्स्याची सोय तेवढ्यात त्या कोंबडीवर भागली.) तिसऱ्या दिवशी मी विळी आणून दिली तर माझ्यावरच उलटली. "तिच्या बदल्यात मला उठवलं, आन् तिचाच रस्सा मला पाजायलाव का?" मला हे सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही. कारण बदल्याचंच म्हणाल, तर ती मरळ मेली तर इकडे काय होईल?

दाजी, हसू नका. मरळ श्वास घ्यायला पाण्यावर येते. तिचं वर येणं जरा लांबलं की मी आत जाऊन मालनबाईचा श्वास चालू आहे का ते पाहतो. मालनबाई खोकली की बाहेर येऊन मरळ पाहतो. दिवसभर या दोघींच्या मध्ये माझ्या फेऱ्या चालू असतात. सविता म्हणते, आबा, कपडे धुवायला हौद कधी मोकळा होणार? मी म्हणतो, आई खोकायची थांबू दे. तिला वाटतं मी वेडा झालो. ज्या गांडुळाने मरळीला फसवलं तीच गांडुळं आता मी उकिरड्यातून उकरून तिला रोज खाऊ घालतो, आणि ती खाते. तिच्या मनात माझ्याबद्दल काही असेल असं दिसत नाही. हे जास्तच वाईट वाटतं.

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, काका, अर्पण पोहोचलं, तुमची सेवा झाली, आता मासा म्हणजे मासा. मी म्हणालो, मग त्याच्यावर केलेली प्रार्थना कुठं गेली, निघून गेली का? ते म्हणाले, वरिष्ठांना विचारून सांगतो. तेव्हापासून ते आमच्या गल्लीतून जात नाहीत, मागच्या बाजूने जातात. मग शेजारच्या नागसेनला विचारलं. तो बौद्ध माणूस, पेन्शनर, विचाराने शांत. तो म्हणाला, लिंबाजीराव, आमच्यात पहिलंच शील हे, की जीव मारू नये, सोडून द्या आणि मोकळे व्हा. मी म्हणालो, नागसेन, मागच्या वर्षीच्या मरळीचं कालवण तू दोन वेळा वाटी पाठवून नेलंस. तर म्हणतो कसा, "मारली तुमी होती." यावरही मी विचार केला. त्याचं बरोबर वाटतं, आणि मग वाटत नाही.

सोडायला गेलोही होतो. बादली मांडीत धरून पप्पूच्या मागे बसलो, त्याच झुडपांपाशी गेलो. तर मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसांनी काठापासून काठापर्यंत जाळं लावलेलं. तिथं सोडणं म्हणजे सूर्यभानच्या तव्यावर नेऊन ठेवणं, फक्त लांबच्या रस्त्याने. पिलांचा पुंजकाही दिसला नाही. मोठी होऊन पांगली की कुणाच्या पोटात गेली, ते पाण्याकडे पाहून कळत नाही. मी बराच वेळ उभा राहिलो. पप्पू म्हणाला, "आबा, चला, पिलं काय तुमच्याशी बोलायला येणार हायेत काय." त्याचं खरं होतं. बादली घेऊन परत आलो.

शास्त्रातही पाहिलं. जलप्रलयात सगळे जीव तारवात घालावे लागले, मासे तेवढे बाहेर राहूनही वाचले, म्हणजे देवाचा त्यांच्यावर राग नव्हता. पण प्रभू कबरेतून उठल्यावर त्याने भाजलेला मासा खाल्ला असंही आहे, म्हणजे खाण्यात पाप नाही. चिमणी जमिनीवर पडली तरी पित्याला कळतं असंही आहे, आणि चिमणीचं कळत असेल तर मरळीचं कळणारच, ती केवढी तरी मोठी. हे तिन्ही एकत्र ठेवलं की माझं डोकं दुखतं. खाणं चालतं, मारताना वाईट वाटलं पाहिजे, आणि वाईट वाटलं की हात चालत नाही. मग तुम्ही आणि मी एवढी वर्षं कसं काय खात आलो? आपण टोपी काढत होतो म्हणून? टोपीत एवढं काय आहे? हे मी तुमच्यावर बोट ठेवून विचारत नाही. मला खरोखर कळत नाही, आणि कळल्याशिवाय गळ हातात धरवत नाही, आणि गळाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

तरी निकाल कळवावा. प्रार्थना करा एवढंच लिहू नका, ती चालू आहे. आक्काला, मुलांना, नातवंडांना सलाम. गुडघ्यांना जपा.

तुमचा मेहुणा,
लिंबाजी

ता. क. विहिरीचं मी वर सहज विचारलं असं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तुमच्या विहिरीला पायऱ्या आहेत, पाणी आटत नाही, बेडकं पुष्कळ, आणि ठेकेदार नाही. एका मरळीने तुमचं पाणी काही कमी होणार नाही. तुम्ही हो म्हणाल असं मालनबाईला वाटतं. मला वाटतं तुम्ही आधी ओरडाल आणि मग हो म्हणाल.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालाने येत नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा पप्पू तुमच्या दारात बादली घेऊन उभा असेल. त्याला आधी पाणी द्या. बादलीवरचं ताट एकदम उचलू नका.

ता. क. तिसरा. मालनबाईही पप्पूसोबत जीपने आली आहे, आठ दिवस राहीन म्हणते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, दाजींच्या घरात गळ हाय. तेव्हा तुमचा गळ आक्काच्या पेटीत ठेवायला द्यावा, राग मानू नये. तिचा खोकला कसा आहे ते रोज आक्काने फोनवर सांगावं, आणि मरळ वर येते का तेही. दोन्ही एकाच फोनमध्ये सांगितलं तरी चालेल, पण खोकल्याचं आधी.

ता. क. चौथा. गळ हातात धरवत नाही असं लिहिलं, पण शनिवारी गेलो होतो. टोपी काढली, मागणं मागितलं, गळ टाकला आणि ऊन उतरेपर्यंत बसलो. लय बरं वाटलं. घरी येऊन पाहतो तर गांडूळ लावायचंच राहिलं होतं.

ता. क. शेवटचा. पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. मालनबाईला ताकद आली ती त्या तांबड्या कोंबडीच्या रस्स्याने. तीही त्याच वेदीपुढे होती, त्याच प्रार्थनेत, मरळीच्या शेजारी, आणि तिच्यावर तर प्रार्थना पुरी झाली होती. सविताने दुसऱ्याच दिवशी कापली, आम्ही सगळ्यांनी खाल्ली, मी दोनदा वाढून घेतलं. तिच्यासाठी कुणी टोपी काढली नाही. मघाशी जेवायला बसताना मी काढली, पण ताटात दोडक्याची भाजी होती.